नाव ठरले कसे? सीमाभागातील भजनी मंडळे, पथके आणि वाद्यवृंद

प्रस्ताव
बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि त्यांची नाटक मंडळी त्यांच्याच आडनावाने ओळखली गेली. केशवराव भोसले यांनी १९०८ मध्ये हुबळीत काढलेल्या मंडळीचे नाव मात्र ‘ललितकलादर्श’ असे, म्हणजे ध्येय सांगणारे होते. आपल्या मंडळाचे नाव कोणी सुचवले, कोणाला पटले नाही आणि अखेर कशावर एकमत झाले, ते सविस्तर लिहावे.

खानापूर तालुका
आमच्या भजनाला कित्येक वर्षे नावच नव्हते. तालुक्याच्या भजन स्पर्धेचा अर्ज भरताना नावाचा रकाना पुढे आला, तेव्हा गावातील पुरुष मंडळाच्या नावापुढे ‘महिला’ जोडावे, असे काहींनी सुचवले. परंतु आमच्यातील सर्वांत वयस्क काकूंना ते मुळीच मान्य झाले नाही. काकडआरतीला येणाऱ्या बहुतेक जणी गोठ्यातील कामे आवरून येतात, आणि काम करता करता विठ्ठलाला आळवणारी संत जनाबाईच, तेव्हा नाव तिचेच हवे, असे त्यांनी ठामपणे सांगितले. पेटीच्या झाकणावर पिवळ्या ऑइलपेंटने ‘संत जनाबाई प्रासादिक’ एवढेच एका ओळीत मावले आणि ‘महिला भजनी मंडळ’ खाली बारीक अक्षरांत लिहावे लागले. आजही ती पेटी पुढे ठेवताना नावाची बाजू श्रोत्यांकडे राहील, याची आम्ही काळजी घेतो.

बेळगाव, शहापूर
वैशाखातील शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीसाठी आम्ही झांजपथक उभे केले आणि वीररसाचे एक भारदस्त नाव सदऱ्यांवर छापून घेतले. मिरवणुकीत मात्र लोक आमच्या गल्लीचेच नाव घेत होते, कारण या शहरात माणसाची ओळख गल्लीने होते. पुढच्या वर्षी सदऱ्यांवर गल्लीचे नाव मोठे आले, आणि माझ्या मते तेच योग्य झाले.

निपाणी
आमच्या बँडला वाजवायला शिकवणाऱ्या वस्तादांचे नाव आहे. दुसरे नाव कोणाच्या मनातही आले नाही.

हुक्केरी तालुका
आमच्याकडे चौंडके वाजवणारे कन्नडभाषक आणि तुणतुण्यावर साथ करणारे मराठी, त्यामुळे नाव दोन्ही घरांना आपले वाटेल असे हवे होते. सौंदत्तीची यल्लम्मा दोन्हीकडे पुजली जाते, म्हणून तिच्या नावाबद्दल कोणाचेच दुमत झाले नाही. अडचण पुढे आली: देवीच्या नावाची मंडळे या भागात अनेक असल्याने आमच्या कार्यक्रमाची सुपारी एकदा शेजारच्या गावातील मंडळाकडे गेली. त्यानंतर सर्वांनी बसून देवीच्या नावाआधी गावाचे नाव जोडले, आणि पत्रिकेत ते दोन्ही लिप्यांत छापावे, असेही त्याच बैठकीत ठरले.