मदत हवी आहे: कोकणातल्या भित्तिचित्रांचा नकाशा

रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी इथल्या भिंतींवरची चित्रं नकाशावर आणायची आहेत. एक्सेलमधली यादी यूमॅपवर (स्वतःचे नकाशे बनवायचं ऑनलाइन साधन) चढवली, तर काही ठिपके थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडतात आणि देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोंत जागेची नोंदच नसते. फोटो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहात, ठेवता येतील का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १
अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली आहे. रत्नागिरी साधारण १७ उत्तर, ७३.३ पूर्व, उलटं भरलं की ७३ उत्तर होतं. गूगल मॅप्स अक्षांश आधी देतं, जिओजेसन या नकाशा-फाइलींच्या प्रकारात रेखांश आधी असतो. रोमन लिपीत 'लॅट' आणि 'लॉन' असे दोन वेगळे रकाने ठेवा. दशांशानंतर पाच आकडे पुरेत, पाचवा म्हणजे जेमतेम एक मीटर. माडा-पोफळींखाली किंवा अरुंद पाखाडीत फोनचा जीपीएस त्याहून कितीतरी जास्त चुकतो, म्हणून उपग्रहचित्रात छप्पर ओळखून ठिपका हाताने भिंतीवर आणा. भिंतीचं तोंड कुठल्या दिशेला तेही लिहा.

फाइल एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून सेव्ह करा, त्यात देवनागरी अक्षरं शाबूत राहतात. प्रश्नचिन्हं झालेली फाइल दुरुस्त होत नाही, मूळ एक्सेलपासूनच पुन्हा काढावी लागेल. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. एरवी व्हॉट्सअ‍ॅप जागेची माहिती काढून टाकतं.

प्रतिसाद २
एक भर. हीच यादी पुढे ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून बनवलेला मुक्त नकाशा) टाकणार असाल, तर गूगल मॅप्सवरून उचललेले अक्षांश-रेखांश तिथे अजिबात चालत नाहीत. स्वतः जागेवर घेतलेली नोंद वापरा, किंवा तिथल्या संपादकात मिळणारं उपग्रहचित्र. टॅग, म्हणजे तिथल्या वर्गखुणा, रोमन लिपीत द्या: 'टूरिझम=आर्टवर्क' आणि 'आर्टवर्क_टाइप=म्युरल'.

कॉमन्सचं उत्तर मात्र नाही असंच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ ची सवलत सार्वजनिक जागेतल्या शिल्पांना आहे, चित्रांना नाही. चित्रकाराच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं हक्क राहतो. भिंतीच्या मालकाची परवानगी इथे उपयोगाची नाही. हक्क ज्याच्याकडे आहे त्याची, बहुधा चित्रकाराची, मुक्त परवान्यासाठी (कुणालाही चित्र वापरू देणारा परवाना) लेखी संमती हवी. त्या निमित्ताने चित्रकाराचं नाव नीट नोंदलं जाईल, आणि ते व्हायलाच हवं.

प्रतिसाद ३
'शेवटचं कधी पाहिलं' हा रकाना विसरू नका. जांभ्याची भिंत पाणी धरते, पावसाळ्यात रंगाचे पोपडे सुटतात. ऑक्टोबरात फेरतपासणी करा. पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची लोककला, मुळात कागदावरची. त्या ढंगाचं चित्र भिंतीवर दिसलं तर 'शैली' म्हणून लिहा. स्वच्छता अभियानाच्या निव्वळ घोषणा यादीत घेऊ नयेत असं माझं मत.