घामावरून व्यायाम ठरवू नका
स्पिनिंग क्लासमध्ये, म्हणजे बंद खोलीत एका जागी उभ्या सायकलवर पेडल मारताना, घाम जास्त येतो म्हणून तो धावण्यापेक्षा भारी, हे मला पटत नाही. बंद खोलीत वारा लागत नाही, म्हणून घाम निथळतो. खरा फरक हाडांना पडतो. धावताना प्रत्येक पावलाला वजनाच्या 2 ते 3 पट भार पायावर येतो. हाडं त्यानेच बळकट होतात, पण गुडघा आधीच दुखरा असेल तर तोच भार नडतो. सायकलवर तो दणका नाही. मात्र सीटची उंची नीट बघाच! पेडल तळाला असताना गुडघा किंचितच वाकलेला हवा. माझी सीट दोन बोटं खाली होती, तर महिनाभर वाटीच्या पुढच्या बाजूला ठणका. वर घेतली आणि आठवड्यात थांबला. आता 3 दिवस सायकल, रविवारी मातीच्या ट्रॅकवर 5 किलोमीटर.