ट्रायलमधले पेशंट दसऱ्यानंतर येईनासे होतात, फोनवर बोलायचं काय?

बिंदुसरेकाठची:
बीडला एका खासगी दवाखान्यात ट्रायल कोऑर्डिनेटर आहे. बीपीच्या गोळीची ट्रायल, म्हणजे पेशंटवर औषधाची चाचणी, महिन्याला एक व्हिजिट. भरती उन्हाळ्यात झाली तेव्हा सगळे गावात होते. दसरा झाला, मुकादमाकडून उचल घेतलेलीच होती, ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. आता कोणी सांगलीकडच्या कारखान्यावर, कोणी कर्नाटकात. फोन केला की "हो ताई, येतो की" म्हणतात आणि येत नाहीत. पुढच्या वेळी नंबर बघूनच कापतात. ट्रायलवर देखरेख करणारा मॉनिटर विचारतो, लॉस्ट टू फॉलो-अप, म्हणजे संपर्क तुटलेले पेशंट, इतके कसे? "सही केलीय ना, मग यावंच लागेल असं सांगा," हा आमच्यातल्या एकांचा सल्ला. मला पटत नाही. कधीही सोडता येतं हे त्या संमतीच्या फॉर्मवरच छापलंय. मग सांगायचं काय?

जुनी_फाइल:
सहीची भाषा काढूच नका. औषध चाचण्यांच्या 2019 च्या नियमांतही तेच आहे: पेशंट कधीही बाहेर पडू शकतो आणि त्यामुळे त्याच्या नेहमीच्या उपचारांत फरक पडता कामा नये. उलट फोनवर हेच आधी सांगा. सोडायची मोकळीक आहे म्हटल्यावर लोक खरं बोलतात, असा माझा अनुभव.

मग तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा. गोळी चालू आहे का? दवाखान्यात येणं जमेल का? आणि नाहीच जमलं तर फोनवर चौकशी केलेली चालेल का? गोळी बंद केलेल्या माणसाला वाटतं, आपला संबंध संपला, आता गेलो तर बोलणी बसतील. त्याला म्हणायचं, "काका, गोळी बंद केलीत तरी चालेल, पण चक्कर येते का, पाय सुजतात का, एवढं सांगत राहा." त्रास झाला म्हणून सोडणारेच हिशेबातून गळाले तर गोळी आहे त्यापेक्षा गुणाची दिसणार, हे त्यांना साध्या शब्दांत सांगितलं की कळतं. फोनही नको म्हणाले तर तशी नोंद करा, आभार माना आणि खरंच परत फोन करू नका.

फोन मुकादमाने उचलला तर ट्रायलचं नाव काढू नका. फोनवर बोलायचा मजकूर एथिक्स कमिटीकडून मंजूर करून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेजसुद्धा.

शिरूरकासारचा:
माझे आईवडील तोडीला जायचे. ताई, तुम्ही फोन करता कधी? सकाळी अकराला माणूस फडात असतो, फोन खोपीत. आणि नवरा-बायको मिळून एक कोयता. एक जण दवाखान्यात गेला तर खाडा दोघांचा पडतो, आणि मुकादम खाड्याचे पैसे कापतो. तुम्ही एसटीचं भाडं देता, खाड्याचं कोण देणार?

दुसरं. वडील नंतर अशाच एका ट्रायलमध्ये होते, कुठे ते सांगत नाही. उरलेल्या गोळ्या आणि रिकामी पाकिटं परत आणायची असत. तिथल्या मॅडम मोजायच्या आणि सगळ्यांदेखत बोलायच्या. मग वडील स्टँडवर उतरले की उरलेल्या गोळ्या गटारात टाकायचे आणि रिकामी पाकिटं नेऊन द्यायचे. कागदावर शंभर टक्के!

डॉ_निवृत्त:
त्या गटारातल्या गोळ्यांची भीती जुनी आहे. मद्रासला 1956 साली टीबीचं संशोधन केंद्र सुरू झालं. घरी राहून उपचार आणि सॅनेटोरियममधले, म्हणजे टीबीच्या रुग्णालयात ठेवून केलेले उपचार यांची तुलना झाली, निकाल 1959 साली आले. गोळ्या घेतल्या की नाही हे कळावं म्हणून न सांगता घरी जाऊन लघवी तपासत. घरं गरिबांची, जेवण बेताचं, तरी घरच्या उपचारांचा निकाल सॅनेटोरियमच्या तोडीचा आला. पण तिथे घरोघरी जाणारी माणसं नेमलेली होती. तुमच्या ट्रायलच्या बजेटमध्ये त्याची सोय आहे का? नसेल तर सरांना मागायला सांगा. कारखान्याच्या तळावर जाऊन बीपी घ्यायचं असेल तर प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ट्रायलच्या ठरलेल्या आराखड्यात, अमेंडमेंट (दुरुस्ती) लागेल.

बिंदुसरेकाठची:
रात्री आठनंतर फोन करून बघते. खाड्याचा मुद्दा आमच्या कोणाच्या डोक्यातच नव्हता, अमेंडमेंटसोबत तोही सरांपुढे ठेवते. गोळ्या मोजाव्या तर लागतातच. आतल्या खोलीत नेऊन मोजू का?

जुनी_फाइल:
नको, आत नेल्या की उगाच संशय येतो. त्यांच्यासमोरच मोजा, पण बाकीच्या पेशंटसमोर नाही. आकडा लिहा, पुढचं पाकीट द्या. का राहिल्या ते बीपी घेऊन झाल्यावर विचारा आणि सांगतील ते तसंच लिहा.