एथ्नोम्युझिकॉलॉजीला मराठीत काय म्हणावं?

शब्दवेडी: एका पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं माहितीपत्रक मराठीत करते आहे. एथ्नोम्युझिकॉलॉजीसाठी (संगीताचा ते जपणाऱ्या समाज-संस्कृतीसह अभ्यास करणारं शास्त्र) 'वांशिक संगीतशास्त्र' लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी 'वांशिक'खाली लाल रेघ ओढली. पर्याय मात्र दिला नाही. काय लिहू?

तळटीप: रेघ योग्यच आहे. ग्रीक 'एथ्नॉस' म्हणजे लोकसमूह. मराठीत 'वंश' म्हटलं की रक्त आणि कूळ आठवतं. रक्तावरून गाणं ठरतं, असा भलताच अर्थ निघेल. सरळ 'लोकसंगीतशास्त्र' लिहा.

खर्ज: अजिबात नको! या विषयात दरबारी वादन, प्रार्थना, चित्रपटगीतं, हिपहॉप, सगळंच येतं. हे नाव १९५० मध्ये पुढे आणणारे याप कुन्स्ट स्वतः जावाच्या गामेलानचे, म्हणजे तिथल्या मुख्यतः धातूच्या तालवाद्यांच्या वाद्यवृंदाचे, अभ्यासक. राजवाड्यातलं गामेलान 'लोक'मध्ये कसं बसवणार?

तळटीप: मग जुनं 'तौलनिक संगीतशास्त्र' काय वाईट होतं? किती स्वच्छ शब्द!

खर्ज: कुन्स्ट यांचा आक्षेप त्यावरच होता. तुलना तर सगळीच शास्त्रं करतात. पुढे १९६४ मध्ये मानवशास्त्रज्ञ अ‍ॅलन मेरियम यांनी संगीताचं मानवशास्त्र मांडलं, म्हणून माझं मत 'संगीत-मानवशास्त्र'ला.

मींड: त्यात संगीतशास्त्र दुय्यम होतं. मी हाच विषय शिकते. आम्ही बोलताना 'एथ्नो' म्हणतो. माहितीपत्रकात मूळ शब्दच देवनागरीत ठेवा, अर्ज करणारे तोच शोधतील. मला खरा अडतो तो 'ट्रान्स्क्रिप्शन'. ध्वनिमुद्रण ऐकून कागदावर उतरवायचं, त्याला 'स्वरलेखन' म्हटलं तर लय, श्वास, आवाजाचा पोत बाहेरच राहतात.

तळटीप: भातखंड्यांपासून 'स्वरलिपी' रुळलेली असताना नवा शब्द कशाला?

मींड: स्वरलिपी गाणाऱ्याला काय गायचं ते सांगते. मला प्रत्यक्षात काय गायलं गेलं ते लिहायचं असतं, गायिकेने स्वर किंचित चढा लावला तर तोही. संगीतशास्त्रज्ञ चार्ल्स सीगर यांनी १९५८ मध्ये या दोन लेखनांतला फरक मांडला. एकाच शब्दात दोन्ही कोंबले तर प्रबंधातला अर्धा युक्तिवाद बुडतो.

खर्ज: 'ध्वनिलेखन'?

तळटीप: ते म्हणजे रेकॉर्डिंग. जुन्या चित्रपटांच्या श्रेयनामावल्या पाहा.

मींड: रेकॉर्डिंगला 'ध्वनिमुद्रण' आहेच. 'ध्वनिलेखन' आम्हाला सोडा की!

तळटीप: रूढ शब्दाचा अर्थ असा हुकमाने बदलत नाही. 'श्रवणलेखन' करून पाहा.

खर्ज: 'श्रुतलेखना'शी गोंधळ होईल, ते शाळेतलं.