ओटा कशाचा केलात? तुमचे अनुभव लिहा

नवी किल्ली (काळाचौकी ते कांजूरमार्ग)

घराची किल्ली हातात येऊन बारा दिवस झाले. रंग ठरला, पंखे ठरले, देवघराची दिशाही ठरली (त्यावर तीन रात्री गेल्या). अडलंय ते ओट्यावर. बिल्डरने दिलेला ओटा सहा फुटांचा, सिंक कोपऱ्यात कोंबलेलं आणि उंची इतकी कमी की पोळ्या लाटायच्या तर कमरेत वाकावं लागेल. तो तोडायचा, एवढं नक्की. पुढचं काही नक्की नाही. इंटिरियरवाला पांढऱ्या क्वार्ट्झवर अडून बसलाय, 'मॅडम, किचन मोठं दिसेल'. सासूबाईंना काळा ग्रॅनाइट हवाय. नवऱ्याने कुठल्याशा शेफचे व्हिडिओ पाहिलेत, त्यामुळे त्याला स्टील.

माझी स्वतःची शिदोरी म्हणजे चाळीतला कडप्पा. त्यावर शेगडीच्या उजव्या हाताला तळहाताएवढा एक पांढुरका चट्टा आहे. आई तिथे लिंबं कापायची, चिंच कोळायची. तो चट्टा जावा म्हणून तिने तो राखेने, लिक्विडने, एकदा तर टूथपेस्टनेही घासला. गेला नाही तो नाहीच.

दुकानातली माहिती नको, ती पाठ झालीय. तुमच्या ओट्यावर काय सांडलं आणि ते निघालं की नाही, ते सांगा. आमच्याकडे आठवड्यातून तीनदा मासे, सणाला पुरणपोळ्या, आणि भांडी घासणाऱ्या मावशी तारेची घासणी काही सोडत नाहीत.

आमसूल (गोरेगाव)

चार वर्षांपूर्वी मी तुमच्याच जागी होते आणि मी इंटिरियरवाल्याचं ऐकलं. पांढराशुभ्र क्वार्ट्झ. पहिले सहा महिने येणारा जाणारा हात फिरवून बघायचा.

मग एका रविवारी सुरमई तळत होते. शेवटचा तुकडा काढला, कढई उचलून बाजूला ठेवली आणि नेमका नणंदेचा फोन आला. बोलून परत आले तर कढईखाली पिवळसर गोल उमटलेला, चंद्राला खळं पडतं तसा. तो आजही तिथेच आहे, वर मिठाची बरणी ठेवते. क्वार्ट्झ म्हणजे खाणीतून काढलेली अख्खी लादी नव्हे, हे मला तेव्हा कळलं. नव्वद टक्क्यांच्या वर दगडाची भुकटी असते, पण ती धरून ठेवतं प्लास्टिकच्या जातीचं रेझिन. दगडाला काही होत नाही, रेझिन करपतं.

हळदीची आणखी वेगळी कथा. कालवणाचा ओघळ रात्रभर राहिला, सकाळी पिवळा डाग. साबण लावला तर डाग लालभडक! मला वाटलं आता संपलंच. पाण्याने धुतल्यावर परत पिवळा. हळद क्षाराला लागली की लाल होते, कुंकू तसंच तर करायचे, पण त्या वेळी कुठलं आठवायला. दुकानदाराला फोन केला तर म्हणे, उन्हात हळद उडते. अहो, खरं आहे, पण ओटा गच्चीत नेऊ का? शेवटी खाण्याच्या सोड्याची पेस्ट आणि आठ दिवस धीर, यावर फिकट झाला.

चांगलंही सांगते. सोलकढी, लिंबू, टोमॅटो यांचा काडीचाही फरक पडला नाही. तेल मुरत नाही. ज्या घरात गरम भांडं कुठे ठेवायचं याची सगळ्यांना शिस्त आहे, त्यांनी खुशाल घ्यावा. आमच्याकडे ती शिस्त फक्त मांजराला आहे.

रविवारचं मटण

ओटा कशाचाही करा, सिंक दहा इंच खोल घ्या. बाकी चालू द्या.

शिसवी पाट (विलेपार्ले)

आमचा काळा ग्रॅनाइट १९९८ चा. त्यावर नारळ फोडलेत, खेकडे ठेचलेत, उकळता कुकर आपटलाय. दगड जसाच्या तसा. पण सासूबाईंच्या 'काळ्यावर दिसत नाही' या म्हणण्यावर विसंबू नका. मळ दिसत नाही, बाकी सगळं दिसतं. पीठ, मीठ, साखरेचा एकेक दाणा, आणि पाण्याचा थेंब वाळला की त्याचा पांढरा ठिपका. सिंकच्या कडेला क्षार बसतात ते वेगळेच. आमच्या घरी रात्री शेवटचं कोरडं फडकं मारायचं काम माझ्याकडे आहे, निवृत्तीनंतर मिळालेली ही एकमेव बढती.

आमच्या ओट्याला एकच तडा गेला, तो त्यात नवीन हॉब (ओटा कापून आत बसवायची शेगडी) बसवला तेव्हा. कापणाऱ्याने भोकाचे कोपरे काटकोनात कापले. चौथ्या महिन्यात त्याच कोपऱ्यातून केसाएवढी रेघ निघाली. कोपरे गोलसर कापून घ्या, आणि हॉब आणि पुढची कड यांत तीन बोटांची तरी लादी राहू द्या.

पॉलिशवाल्याचा मुलगा (भांडुप)

नवी किल्ली ताई, तुमच्या आईंचा चट्टा डाग नाहीच, म्हणून तो निघाला नाही. कडप्पा हा चुनखडीचा दगड, आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यातला, आपली शहाबाद फरशीही त्याच जातीची. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांनी चुनखडी विरघळते. तिथलं पॉलिशच खाल्लं गेलंय. म्हणजे वर काही लागलेलं नाही, दगडच थोडा कमी झालाय. घासून तो वाढलाच असेल. पुन्हा पॉलिश मारणं हा एकच उपाय.

माझे वडील तीस वर्षं दगडाला पॉलिश मारत होते. त्यांनी शिकवलेल्या दोन गोष्टी. एक, काळा ग्रॅनाइट घेताना पांढरा कपडा थिनरमध्ये बुडवून लादीवर जोरात पुसायचा. कपडा काळा झाला तर लादी रंगवलेली आहे, राखाडी दगडाला काळं केलंय. वर्षा-दोन वर्षांत सिंकजवळ तिचा खरा रंग दिसतो. दुसरी, लिंबाची फोड अर्धा तास ठेवायची. उचलल्यावर तिथे चमक गेली असेल तर तो ग्रॅनाइट म्हणून विकलेला दुसराच दगड. फिकट रंगाची लादी घेणार असाल तर पाण्याचे चार थेंब टाका. पाच मिनिटांत तिथे ओलसर काळपट दिसलं तर ती तेलही पिणार, मग दर वर्षी सीलर लावणं आलं.

आणि एक विनंती. लादी घरात कोरडी कापू देऊ नका. वडिलांना शेवटी दोन जिने चढले की धाप लागायची, छातीत दगडाची धूळ बसली होती. फुप्फुसाला घातक असते ती धुळीतली सिलिका, आणि क्वार्ट्झच्या लादीत ती सगळ्यात जास्त, ग्रॅनाइटमध्ये त्याहून पुष्कळ कमी, मार्बलमध्ये अगदी थोडी. याच धुळीपायी ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडाच्या लाद्या बनवण्यावर आणि बसवण्यावर बंदी घातली. तुमच्या स्वयंपाकघरात बसलेल्या लादीने काही होत नाही, कापणाऱ्याला होतं. कट-आउट, म्हणजे सिंकची आणि हॉबची भोकं, दुकानातच, पाण्याखाली करून घ्या. घरी थोडंफार कापावंच लागलं तर एकाने पाणी ओतत राहायचं आणि कापणाऱ्याला नीट मास्क द्यायचा, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.

नवी किल्ली

हे वाचून आईला फोन लावायची हिंमत होत नाहीये. चाळीस वर्षं घासलाय तिने तो.

डबेवाली वहिनी (दादर)

रोज पन्नास डबे जातात माझे, म्हणून स्टील केलं. उकळतं पातेलं थेट ठेवते, कोलंबी सोलली की गरम पाणी मारलं, वास नाही. या बाबतीत तुमचे मिस्टर बरोबर आहेत. पण त्यांना पुढचंही सांगा. पहिल्याच आठवड्यात इतके ओरखडे पडतात की पहिला ओरखडा कुठला ते विसरायला होतं. वाटी ठेवली तरी खण्ण. पहाटे साडेचारला मी कणकेची परात ठेवते तेव्हा खालचे आजोबा उठतात. पत्र्याखाली प्लायवूड चिकटवून घेतलं की आवाज आणि पोचे दोन्ही कमी होतात, माझ्याकडे ते अर्ध्याच भागात आहे.

ग्रेड ३०४ मागा. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवेल, 'बघा, चिकटत नाही'. स्वस्तातलं २०२ सुद्धा सहसा चिकटत नाही, त्यामुळे त्या खेळावर जाऊ नका, बिलावर ग्रेड लिहून घ्या. आमचं घर चौपाटीच्या बाजूला. खाऱ्या हवेने ३०४ वरही तपकिरी ठिपके येतात, पुसले की जातात. मिठाचं ओलं भांडं रात्रभर ठेवलं त्या जागी मात्र बारीक खड्डे पडलेत.

तिसरा मजला, लिफ्ट नाही (चेंबूर)

सासरी मकराण्याचा पांढरा मार्बल आहे. पुरणपोळीला त्याच्यासारखं सुख नाही, पीठ थंड राहतं, शंकरपाळे तर सरळ ओट्यावरच लाटायचे आणि कातायचे. पण मार्बल म्हणजे कडप्प्याचाच श्रीमंत भाऊ. टोमॅटो कापला की खूण. सासूबाई त्या खुणांवरून कुठल्या सुनेने कधी काय सांडलं ते सांगतात. हौस असेल तर दोन फुटांचा तुकडा पोळ्या लाटण्यापुरता बसवा, सगळा नको.

माहेर सातारा (मुलुंड)

माझ्याकडे कोरियन. आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांना तो कोरियातून येतो असं वाटतं. ते ड्युपाँट या अमेरिकन कंपनीचं नाव आहे, १९६० च्या दशकातलं, आणि माल ॲक्रिलिकचा. सांधा दिसत नाही, सिंकसकट सलग. ओरखडे पॉलिश पेपरने घासून जातात. गरम तवा मात्र अजिबात नाही. परत करायचा झाला तर बेसिनला करेन, गॅसपाशी नाही.

कांदा चिरते (ठाणे)

मोरबीची मोठी पोर्सेलीन लादी, बारा मिलिमीटर. आग, लिंबू, हळद, कशाने काही होत नाही, खरंच नाही. पण कडेला कुकरचं बूड लागलं आणि तांदळाच्या दाण्याएवढी कपची उडाली. रोज हात तिथेच जातो. शिवाय कापणारा जाणकार लागतो, आमच्या पहिल्या मिस्त्रीने सिंकचं भोक पाडताना अख्खी लादी चिरली आणि चार दिवस फोन उचलला नाही.

तिसरा मजला, लिफ्ट नाही (चेंबूर)

राहिलंच. लादी घ्यायच्या आधी लिफ्ट मोजा! आमची नऊ फुटांची लादी चार माणसांनी जिन्याने आणली, प्रत्येक वळणावर भांडण, मजल्यामागे हमाली वेगळी. सोसायटीने डेब्रिजच्या गोणी त्याच दिवशी हलवायला लावल्या, दुपारी दोन ते चार आवाज बंद, रविवारी ठोकाठोक नाही. चार दिवसांचं काम अकरा दिवस चाललं.

नवी किल्ली

सगळ्यांचे आभार. मी काय केलं ते लिहिते.

पाच दुकानांतून तुकडे मागून आणले आणि चाळीतल्या खिडकीत आठ दिवस मांडले. प्रत्येकावर हळदीचं तेल, आमसुलाचं पाणी, लिंबाची फोड, आणि शेवटी तापलेला तवा. सासूबाई रोज सकाळी चष्मा लावून पाहणी करायच्या. क्वार्ट्झवर तवा ठेवताना माझाच हात थरथरला, आणि आमसूल ताई, अगदी तुमचं खळं पडलं. मार्बल लिंबाने पहिल्याच दिवशी गेला. पोर्सेलीन सगळ्यातून पास, पण कड बघून नवरा म्हणाला की हे तुझ्या हातात दोन महिने टिकणार नाही. खरंच आहे.

काळा ग्रॅनाइट ठरला. थिनर लावून पाहिलं, पाचांपैकी एका दुकानाचा कपडा काळा झाला, त्या दुकानाचं नाव इथे लिहीत नाही. जेट ब्लॅक नको म्हटलं, त्यावर ठिपके फार दिसतात, बारीक सोनेरी कणांचा गॅलेक्सी घेतोय, आंध्रातल्या चिमाकुर्तीचा. नवऱ्याच्या समाधानासाठी सिंकच्या बाजूला अडीच फूट स्टील, खाली प्लायवूडसकट, मासे तिथेच साफ होतील. उंची कोपर वाकवून मोजली, कोपराच्या पाच इंच खाली, म्हणजे माझ्यासाठी चौतीस इंच. लिफ्टमध्ये तिरकी धरून सात फुटांची लादी जाते, स्टील वगळून ग्रॅनाइट पावणेसात फुटांचा, त्यामुळे जोड टळला. कट-आउट दुकानातच होणार, कोपरे गोल.

आईला शेवटी सांगितलं. लिंबाने दगड विरघळतो हे ऐकून ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, 'म्हणजे मी चाळीस वर्षं खड्डा घासत होते.' मी तिची समजूत घालायला सांगितलं की नव्या घरातही कडप्पा असणारच आहे, मिस्त्री ग्रॅनाइटच्या खाली आधाराला तोच घालतो.

'खाली?' ती म्हणाली. 'मग तो पुसायचा कसा?'