पेकिंगमध्ये (आजचं बीजिंग) 15 वर्षं राजदूत नव्हता, त्यातून भारताने काय मिळवलं?

उत्तरध्रुव:
जुलै 1961 मध्ये राजदूत जी. पार्थसारथी पेकिंगहून परतले आणि जुलै 1976 मध्ये के. आर. नारायणन तिथे पोचले. मधली 15 वर्षं दूतावास प्रभारी दूतांनी सांभाळला. चीननेही 1962 मध्ये आपला राजदूत परत बोलावला. माझ्या मते ही चूकच होती. राजदूताची अधिकारपत्रं राष्ट्रप्रमुखाच्या नावे असतात, प्रभारी दूताची परराष्ट्रमंत्र्याच्या. समारंभातही तो सगळ्या राजदूतांच्या मागे उभा राहतो. वरच्यांची भेट हवी, तर आधी खालच्या अधिकाऱ्यामार्फत विचारावं लागतं.

गनिमी_कावा:
असहमत. तुमच्याच काळातलं उदाहरण घ्या. नोव्हेंबर 1962 मध्ये एकतर्फी युद्धबंदी जाहीर करण्याआधी चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांनी प्रभारी दूत पी. के. बॅनर्जी यांना रात्री बोलावून स्वतः सांगितलं. समोरच्याला बोलायचंच असेल तर दर्जा आड येत नाही. आणि बोलायचं नसेल तर राजदूत असून तरी काय होतं? प्रदेश बळकावला गेलेला असताना राजदूत पाठवणं म्हणजे ते मान्य केल्यासारखंच झालं असतं.

उत्तरध्रुव:
निरोप घेण्यापुरतं ठीक आहे, पण निरोप पुढे न्यायचा कसा? 1 मे 1970 ला तिआनानमेनवर माओ मुत्सद्द्यांच्या रांगेसमोरून चालत आले. तेव्हाचे आपले प्रभारी दूत ब्रजेश मिश्रा यांच्याशी हस्तांदोलन करून त्यांनी असं भांडत राहणं बरं नाही, पुन्हा मैत्री व्हायला हवी, अशा अर्थाचं काही सांगितलं. मिश्रांनी तातडीने दिल्लीला तार केली. तरीही राजदूत जायला सहा वर्षं गेली.

गनिमी_कावा:
त्याला दर्जा नव्हे, परिस्थिती कारणीभूत होती. 1971 चं बांगलादेश युद्ध, ऑगस्टमधला सोव्हिएत करार, 1974 ची अणुचाचणी, 1975 मध्ये सिक्कीमचं विलीनीकरण. यातल्या कुठल्या वर्षी राजदूत पाठवून चीन नरमला असता?

पूर्वरंग:
दोघांच्या बोलण्यातून एक गोष्ट सुटतेय. 20 ऑक्टोबर 1975 ला अरुणाचलमधल्या तुलुंग ला खिंडीत चिनी गोळीबारात आसाम रायफल्सचे चार जवान शहीद झाले. त्यानंतर सहाच महिन्यांत, एप्रिल 1976 मध्ये, यशवंतराव चव्हाण परराष्ट्रमंत्री असताना नारायणन यांच्या नेमणुकीची घोषणा झाली. सीमेवर चीनने तोवर काहीच सोडलेलं नव्हतं. गनिमी_कावा, राजदूत न पाठवण्याची अट जर प्रदेशाची होती, तर ती पूर्ण न होताच आपण राजदूत पाठवला. मग 15 वर्षं राखलेल्या दबावाची वसुली कुठे दिसते?

गनिमी_कावा:
वसुली लगेच होत नसते. 1979 मध्ये वाजपेयी परराष्ट्रमंत्री म्हणून गेले, 1981 पासून सीमाचर्चा सुरू झाल्या.

पूर्वरंग:
त्या चर्चा राजदूत परतल्यानंतरच्या आहेत. आणि 2020 मध्ये गलवाननंतर आपण काय केलं? आपले राजदूत विक्रम मिस्री बीजिंगमध्येच राहिले. लष्करी कमांडरांच्या बैठका चालू असताना तेही तिथे चिनी अधिकाऱ्यांना भेटत होते. उलट ऑक्टोबर 2022 ते मे 2024 दिल्लीत चीनचा राजदूत नव्हता, आणि त्याचा सीमेवर आपल्याला काडीचाही फायदा झाला नाही.