शब्दचर्चा: अपेक्षाभंग, भ्रमनिरास, हिरमोड की आणखी काही?

गवतीचहा

एका दिवाळी अंकासाठी 'स्टार वॉर्स'चा कर्ता जॉर्ज लुकस याच्यावर लेख लिहितेय आणि एका वाक्यावर अडलेय. "१९९९ ते २००५ या काळात आलेल्या लुकसच्या तीन पूर्वकथापटांनी जुन्या चाहत्यांचा ____ केला." आधी 'अपेक्षाभंग' लिहिलं, मग खोडून 'भ्रमनिरास' केलं. दोन्ही शब्द वाक्यात बसतात, पण अर्थाला चिकटत नाहीत.

ज्यांनी हे चित्रपट पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'स्टार वॉर्स' मे १९७७ मध्ये आला, त्याच्या पुढचे दोन भाग १९८० आणि १९८३ मध्ये. मग सोळा वर्षांनी लुकसने त्या गोष्टीच्या आधीची गोष्ट सांगायला घेतली: 'द फँटम मेनेस' (१९९९), 'अटॅक ऑफ द क्लोन्स' (२००२), 'रिव्हेंज ऑफ द सिथ' (२००५). काळ्या मुखवट्यातला खलनायक डार्थ व्हेडर हा मुळात अनाकिन नावाचा गुणी पोरगा होता, तो असा का झाला, हा विषय. तिन्हींनी पैसा खोऱ्याने ओढला. जुन्या चाहत्यांच्या कपाळावरच्या आठ्या मात्र अजून गेलेल्या नाहीत. त्या आठ्यांसाठी नेमका शब्द हवाय.

शेंगदाणा

हिरमोड. संपला विषय.

तिरकामठा

इतक्यात नको. हिरमोड छोट्या गोष्टींचा होतो. पावसाने सामना रद्द, क्रिकेटप्रेमींचा हिरमोड. धबधब्यावर जायला बंदी, पर्यटकांचा हिरमोड. वर्तमानपत्रांनी हा शब्द जवळजवळ हवामान खात्याच्या नावावर करून दिलाय. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की हिरमोड विसरतो. पंचवीस वर्षं पुरलेला हिरमोड माझ्या ऐकिवात नाही. 'पचका' आणि 'पोपट' त्याहून हलके, आणि दिवाळी अंकात चालायचे नाहीत.

अपेक्षाभंग पहिल्या चित्रपटापुरता खरा आहे. १९९९ मध्ये लोक तिकिटासाठी रांगा लावून आत गेले आणि पडद्यावर वर सरकणाऱ्या पिवळ्या अक्षरांत पहिली बातमी कळली ती व्यापारी मार्गांवरच्या करांच्या वादाची. जकातीचं प्रकरण! तिथे अपेक्षाभंग झालाच. पण २००२ पर्यंत जुन्या लोकांच्या अपेक्षा फारशा उरल्या नव्हत्या, तरी तक्रार उरली. ज्याच्याकडून अपेक्षाच नाही त्याने अपेक्षाभंग कसा करावा?

भ्रमनिरासाची अडचण वेगळी आहे. आधी भ्रम होता हे त्यात कबूल करावं लागतं. निरास म्हणजे दूर सारणं. वेदान्तात कुणाचा भ्रमनिरास झाला तर पेढे वाटायला हवेत. मराठीत तो दुःखाचा झाला, पण आतला अर्थ शाबूत आहे: नेत्याबद्दल, चळवळीबद्दल, परदेशातल्या नोकरीबद्दल जे वाटत होतं ते खोटं निघालं. जुने चाहते तसं म्हणतात का? पहिले तीन चित्रपट आवडले हा आमचा भ्रम होता, असं म्हणणारा मला अजून भेटायचाय.

हां, लुकसबद्दल मात्र भ्रमनिरास हा शब्द चालेल. सगळं एकट्या माणसाने उभं केलं अशी समजूत होती. नव्यांनी निराशा केल्यावर लोकांनी जुन्यांच्या श्रेयनामावल्या पुन्हा वाचल्या. १९८० चा 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक', जो बहुतेकांना सर्वांत आवडतो, तो दिग्दर्शित केलाय अर्विन कर्शनरने. पटकथा ली ब्रॅकेट आणि लॉरेन्स कॅस्डन यांची. पहिल्या चित्रपटाच्या संकलनाचं ऑस्कर तिघांत वाटलं गेलं, त्यातली एक मार्शा लुकस, जॉर्जची तेव्हाची पत्नी. १९७७ नंतर थेट १९९९ पर्यंत जॉर्ज लुकसने एकही चित्रपट दिग्दर्शित केला नव्हता. म्हणजे माणसाबद्दल भ्रमनिरास, आणि चित्रपटांबद्दल दुसरंच काहीतरी.

उशिरा_आलो

आमच्या पिढीने आधी हेच तीन पाहिले, घरी टीव्हीवर. आमचा हीरो अनाकिन, आमची तलवारबाजी 'फँटम मेनेस'च्या शेवटची. जुने तीन नंतर पाहिले, आणि खरं सांगायचं तर ते संथ वाटले. २०२५ मध्ये 'रिव्हेंज ऑफ द सिथ' वीस वर्षांनिमित्त पुन्हा लागला तेव्हा गर्दी आमचीच होती. आमचा भंग कशाचाच झाला नाही. तुम्ही शोधताय तो शब्द 'आमच्या वेळी असं नव्हतं' हा आहे.

गवतीचहा

म्हणून तर वाक्यात 'जुन्या' हा शब्द आहे. तो काढला की वाक्यच खोटं पडतं.

तिरकामठा

उशिरा_आलो यांच्यामुळे मुद्दा उलट पक्का झाला. तोच चित्रपट, एकाला खटकतो, दुसऱ्याला नाही. फरक इतकाच की पहिल्याच्या मनात आधीचं काहीतरी होतं. ते आधीचं मोडलं. माझं मत: रसभंग.

शेंगदाणा

रसभंग म्हणजे मैफल रंगात असताना पुढच्या रांगेत मोबाइल वाजणं. चित्रपट स्वतःचा रसभंग कसा करेल?

तिरकामठा

बोलण्यातला वापर तुम्ही म्हणता तसाच आहे, बाहेरचा व्यत्यय. पण शब्द संस्कृत काव्यशास्त्रातला आहे आणि तिथे मोबाइल वाजवणारा बहुतेक वेळा कवीच असतो. त्या शास्त्राचा जुना आचार्य आनंदवर्धन, त्याचं प्रसिद्ध वाक्य: अनौचित्यादृते नान्यद् रसभङ्गस्य कारणम्. अनौचित्य सोडलं तर रसभंगाला दुसरं कारण नाही. औचित्य म्हणजे शिष्टाचार नव्हे. जे जिथे शोभतं ते तिथे असणं.

आता १९७७ मधला तो प्रसंग आठवा. वाळवंटातल्या झोपडीत म्हातारा बेन केनोबी तरुण नायक ल्यूकला त्याच्या बापाबद्दल, म्हणजे अनाकिनबद्दल, सांगतो. चार-दोन वाक्यं. तो कुशल वैमानिक होता, शूर होता, माझा चांगला मित्र होता, क्लोन युद्धांत आम्ही बरोबर लढलो. बस्स. क्लोन युद्धं म्हणजे काय, कुणाची, कधी, काही नाही. अ‍ॅलेक गिनेसचा, म्हणजे पडद्यावरच्या बेनचा, चेहरा क्षणभर कुठेतरी लांब जातो आणि प्रेक्षकाच्या मनात एक अख्खं युद्ध उभं राहतं. याला आपल्याकडे ध्वनी म्हणतात: सांगितलं थोडं, सुचलं पुष्कळ. पंचवीस वर्षं प्रत्येकाने ते युद्ध आपापल्या मनात लढून पाहिलं. २००२ मध्ये ते दाखवलं. जे व्यंग्य (नुसतं सुचवलेलं) होतं ते वाच्य (उघड सांगितलेलं) झालं. संगणकाने काढलेले सैनिक रांगेत उभे राहिले आणि मनातलं युद्ध संपलं.

'फोर्स'चं तेच. १९७७ मध्ये ती सगळ्या सजीवांतून निर्माण होणारी, विश्वाला बांधून ठेवणारी शक्ती होती. १९९९ मध्ये पोराच्या रक्ताचा नमुना घेतला आणि त्यात मिडिक्लोरियन नावाचे सूक्ष्मजीव वीस हजारांहून जास्त निघाले, थोर गुरू योडापेक्षाही जास्त. चैतन्याचा लॅब रिपोर्ट आला. जुन्या माणसांना हे इतकं का लागलं ते उशिरा_आलो यांना कळणार नाही, कारण त्यांना रिपोर्ट आधी मिळाला.

दुसरं, प्रेमप्रसंग. मम्मट या दुसऱ्या आचार्याने 'काव्यप्रकाशा'त रसदोषांची यादी केली आहे. तिची सुरुवातच या दोषाने होते: भावाचं नाव घेऊन भाव सांगणं. 'अटॅक ऑफ द क्लोन्स'मध्ये अनाकिन त्याच्या प्रेयसीला, पद्मेला, शेकोटीसमोर आपल्याला किती यातना होताहेत ते सविस्तर कळवतो. यातना होताहेत असं तो म्हणतो म्हणून त्या होत असाव्यात, यापलीकडे आपल्याकडे पुरावा नाही.

उशिरा_आलो

मग 'एम्पायर'मध्ये नायिका लेया तिच्या प्रियकराला, हॅनला, "माझं तुझ्यावर प्रेम आहे" असं तोंडावर सांगते ते काय? मम्मट तिथे झोपला होता का?

तिरकामठा

नाही, तिथे तो हॅनच्या उत्तराची वाट बघत होता. हॅन म्हणतो, "माहीत आहे." त्या उत्तरात प्रेम हा शब्दच नाही, आणि सगळा प्रसंग त्या उत्तरावर उभा आहे.

गवतीचहा

पद्मेवरून आठवलं. हे नाव ऐकताना मला प्रत्येक वेळी वाटतं की पद्मा नावाच्या बाईला कुणीतरी हाक मारतंय. आणि उशिरा_आलो, तुमच्या लाडक्या तलवारबाजीमागे जो समूहगायनाचा गदारोळ आहे तो संस्कृत आहे, माहितीये ना? संगीतकार जॉन विल्यम्सने एका जुन्या वेल्श कवितेतल्या ओळींचं संस्कृत करून घेतलं आणि अक्षरं चालीसाठी वाट्टेल तशी तोडली-जोडली. संस्कृत शिकलेल्यांनाही पत्ता लागत नाही. 'कोरा मात्रा' असं काहीतरी ऐकू येतं. पण विषयांतर झालं.

एक शंका. जुने चाहते विसंगतींबद्दलही फार चिडतात. १९८३ मध्ये लेया म्हणते, आई थोडीशी आठवते, ती उदास असायची. २००५ मध्ये तीच आई, म्हणजे पद्मे, बाळंतपणातच जाते. 'एम्पायर'मध्ये योडा हा बेनचा गुरू. १९९९ मध्ये गुरू निघतो क्वाय-गॉन. हे रसभंगात धरायचं का?

तिरकामठा

माझ्या मते नाही, ती नुसती विसंगती. आनंदवर्धन तर रसाच्या आड येत असेल तर चालत आलेली कथाही बदलायला मोकळीक देतो. उलट त्याचं एक म्हणणं लुकसच्या टेबलावर चिकटवून ठेवण्यासारखं आहे: नुसतं इतिवृत्त (काय काय घडलं त्याची हकिगत) पुरं करणं हे कवीचं काम नव्हे, ते इतिहासातून मिळतंच. हे तीन चित्रपट इतिवृत्त पुरं करतात. कोण कुणाचा बाप, कुणी कुणाला घडवलं, तो सोनेरी यंत्रमानव कुणी बनवला (अनाकिननेच, अर्थात), काळा मुखवटा कधी चढला. सगळ्या रिकाम्या चौकटी भरल्या.

खरा राग दुसऱ्या गोष्टीचा आहे आणि तिथे 'अपेक्षाभंग' पारच तोकडा पडतो. २००४ मध्ये जुने चित्रपट डीव्हीडीवर आले तेव्हा 'रिटर्न ऑफ द जेडाय'च्या शेवटी दिसणारा म्हाताऱ्या अनाकिनचा आत्मा, म्हणजे सेबॅस्टियन शॉ हा नट, काढून तिथे पूर्वकथांमधला हेडन क्रिस्टन्सन बसवला. १९८३ मध्ये लोकांनी जो चेहरा पाहिला होता तो गेला. अपेक्षा उद्याची असते. इथे कालचं हलवलं.

सोलकढी

तुमचा मम्मट मान्य, पण मग 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेचं काय करायचं? २०१६ चा पहिला भाग सुरू होतो तोच अण्णा नाईकांच्या मरणाने. २०१९ चा दुसरा भाग ही त्याची पूर्वकथा: अण्णा जिवंत, शेवंता, माई, सगळं. आणि लोकांना दुसरा भाग पहिल्यापेक्षा जास्त आवडला! आमच्या सिंधुदुर्गात तर अण्णा म्हटलं की अजून दुसऱ्या भागातलेच अण्णा डोळ्यांसमोर येतात. शेवट काय होणार हे गावातल्या पोराटोरांना ठाऊक होतं. कुणाचा रसभंग झाला नाही. पूर्वकथा सांगणंच वाईट असतं तर हे व्हायला नको होतं.

तिरकामठा

हे उदाहरण उत्तम. माझ्या समजुतीप्रमाणे फरक असा. पहिल्या भागात अण्णांबद्दल भीती होती, जिव्हाळा नव्हता. कुणी मनात त्यांचं तरुणपण रंगवलं नव्हतं, त्यामुळे दाखवल्यावर काही पुसलं गेलं नाही, नवीनच आलं. शिवाय अण्णा दुसऱ्या भागात जास्त भयंकर झाले. व्हेडर पूर्वकथेत लहान झाला. अक्षरशः: नऊ वर्षांचा, आनंदाने ओरडणारा. रौद्र आणि भयानकाच्या पात्राला हे शोभतं का, हाच औचित्याचा प्रश्न.

आडवाट

उशिरा येऊन दुसऱ्याच टोकाला हात घालतो. 'पूर्वकथापट' हा शब्द मला खटकतो, कारण 'पूर्व' म्हटलं की ती आधी सांगितली असं वाटतं. कीर्तनातला पूर्वरंग खरोखर आधी येतो, उत्तररंग नंतर. लुकसची भानगड अशी की घडलेलं आधीचं, सांगितलेलं नंतरचं. इंग्रजी 'प्रीक्वेल' हा शब्दही तसा अर्धवटच आहे. मागून येणाऱ्या सीक्वेलला 'आधी' जोडलं की झालं. मला 'पूर्ववृत्त' बरा वाटतो, त्यात घडलेल्याचा काळ आहे, सांगण्याचा नाही.

आणि खलनायकाचं पूर्ववृत्त मागाहून सांगायची चाल आपल्याकडे नवीन नाही. रावणाचं कूळ, त्याची तपश्चर्या, वर, मातलेपण हे सगळं कुठे येतं? उत्तरकांडात. रावण मरून, राम गादीवर बसल्यावर अगस्त्य ऋषी येऊन सांगतात. अनेक अभ्यासक उत्तरकांड आणि बालकांडाचा बराच भाग नंतरची भर मानतात. तेव्हाच्या जुन्या चाहत्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

शेंगदाणा

ते म्हणाले असतील, रावणाला दहा तोंडं होती तेवढं पुरे होतं.

गवतीचहा

'पूर्ववृत्त' एकट्याने वापरला तर वाचक वैद्यकीय कागदपत्रं समजेल. 'पूर्वकथा' ठेवते, 'पट' काढते. आता रसभंगाचं वाक्य: "पूर्वकथांनी जुन्या चाहत्यांचा रसभंग केला" हे मराठी कानाला बरं वाटतंय का?

तिरकामठा

नाही. रसभंग माणसाचा करत नाहीत, तो होतो, आणि रसाचा होतो. 'चाहत्यांचा हिरमोड केला' चालतं, 'चाहत्यांचा रसभंग केला' अडखळतं. "या पूर्वकथा पाहताना जुन्या चाहत्यांना रसभंग जाणवला" किंवा सरळ "जुन्या चाहत्यांसाठी या पूर्वकथा म्हणजे रसभंग होता." लोक पटकन समजावेत असं हवं असेल तर 'विरस' घ्या: "जुन्या चाहत्यांचा विरस झाला." तो माणसाचा होतो, शब्द हलका आहे, आणि रस गेला हेही त्यात येतं. फक्त छापताना 'विरह' होऊ देऊ नका.

उशिरा_आलो

'विरस' मला पटला. आमच्यापैकी कुणाचा झाला नाही एवढी तळटीप टाका.